सामायिक कोड कुठे ठेवायचा? ब्राउझरमधून चालतं, क्रॉनमधून चालत नाही

पावतीघर

नमस्कार मंडळी,

एका संस्थेची अंतर्गत कामाची ॲप्लिकेशन सांभाळतो. डेबियन, अपाचे, पीएचपी ८, सगळं एकाच मशीनवर. ॲप्लिकेशन तीन: सभासद नोंदणी, पावत्या आणि मासिक अहवाल. तिन्ही वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या काळात लिहिलेली. माझ्याकडे आली तेव्हा डेटाबेसशी जोडणी करणारी, तारीख मांडणारी, रक्कम अक्षरात लिहिणारी फाइल प्रत्येकात स्वतंत्र होती, आणि त्या एकमेकींपासून थोड्या थोड्या वेगळ्या. पावतीवर तारीख दिवसापासून सुरू होते, अहवालात वर्षापासून. डेटाबेसचा पासवर्ड बदलायचा तर तीन ठिकाणी बदलायचा.

म्हणून या सगळ्या फाइली मी 'कॉमन' नावाच्या एका फोल्डरमध्ये आणल्या. ते वेबरूटमध्येच (ब्राउझरला उघड्या असलेल्या मुख्य फोल्डरमध्ये) आहे, तिन्ही ॲप्लिकेशनच्या शेजारी. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला 'इन्क्लूड' आणि पुढे '../कॉमन/कनेक्ट.इंक' असं लिहितो.

ब्राउझरमधून बहुतेक सगळं चालतंय. पण रात्री अहवाल तयार करणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) चालली की 'फेल्ड टू ओपन स्ट्रीम, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असं येतं. तीच स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये उघडली की अहवाल नीट तयार होतो. फाइल जागेवर आहे, नावात चूक नाही.

दुसरं असं की पावत्यांमध्ये 'छपाई' नावाचं आतलं फोल्डर आहे. तिथल्या पानांना टिंबांची एक जोडी वाढवावी लागते. आणि कॉमनमधली एक फाइल दुसरीला बोलावते तेव्हा टिंबं कुठून मोजायची तेच कळत नाही. एका पानावर चालतं, दुसऱ्यावर नाही.

तिसरं, माझी सहकारी आणि मी दोघंही या फाइली बदलतो. तिने तयार केलेली फाइल मला सेव्ह करता येत नाही, माझी तिला. सगळ्याला ७७७ परमिशन (कोणीही वाचा, लिहा, चालवा) दे असं मला सांगण्यात आलं. दिलं तर चालतं हेही पाहिलं, पण मनाला पटत नाही म्हणून परत काढलं.

हे सगळं नीट कसं मांडावं?

लांबपल्ला

पीएचपी.आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये 'इन्क्लूड पाथ' नावाचं सेटिंग आहे. त्यात तुमच्या कॉमनचा पूर्ण पाथ टाका, अपाचे रीस्टार्ट करा. मग कुठूनही नुसतं 'कनेक्ट.इंक' लिहिलं तरी सापडेल. टिंबं मोजायची भानगडच नाही.

सर्व्हरखोली

पावतीघर, मी आधी क्रॉनचं घेते, कारण टिंबांच्या गोंधळाचं मूळही तिथेच आहे. रस्ते आणि कमांड उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, टाइप करताना त्यांचं नेहमीचं रूप वापरा.

फाइल जागेवर आहे, पण पीएचपी तिला त्या जागी शोधतच नाहीये. पाथ एका किंवा दोन टिंबांनी सुरू झाला की पीएचपी इन्क्लूड पाथकडे बघतही नाही. ते 'सध्याचं फोल्डर' धरून मोजायला लागतं. हे सध्याचं फोल्डर म्हणजे ज्या फाइलमध्ये ती ओळ लिहिली आहे तिचं फोल्डर, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं ते नसतं. वेब सर्व्हरकडून विनंती आली की जी मुख्य स्क्रिप्ट उघडली गेली तिचं फोल्डर सध्याचं होतं. म्हणून कॉमनमधल्या फाइलने दुसरीला बोलावलं की पावत्यांच्या पानावरून एक हिशोब लागतो आणि छपाईच्या पानावरून दुसरा.

कमांड लाइनवर तर पीएचपी स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जातच नाही. तुम्ही ज्या फोल्डरमध्ये असताना कमांड दिलीत, तेच सध्याचं. क्रॉनमधून चालताना ते बहुधा त्या युजरचं होम फोल्डर असतं. म्हणजे रात्री तुमची स्क्रिप्ट होमच्या एक पायरी वर जाऊन तिथे 'कॉमन' शोधते, आणि तिथे ते असायचं काही कारणच नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर अहवालाच्या स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'गेटसीडब्ल्यूडी' या फंक्शनचं उत्तर लॉगमध्ये लिहा. एकदा ब्राउझरमधून चालवा, एकदा क्रॉनमधून. दोन वेगळे पाथ दिसतील.

यावर उपाय म्हणजे '__डीआयआर__' हा स्थिरांक. तो ज्या फाइलमध्ये लिहिला आहे त्याच फाइलच्या फोल्डरचा पूर्ण पाथ देतो. स्क्रिप्ट कोणी चालवली, कुठून चालवली, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. २००९ मध्ये पीएचपी ५.३ आलं तेव्हापासून तो आहे, त्याआधी लोक 'डिरनेम' आणि '__फाइल__' जोडून तेच काम करायचे. जुन्या कोडमध्ये ती जोडी दिसली तर अर्थ तोच घ्या. तेव्हा प्रत्येक सामायिक फाइल बोलावताना आधी '__डीआयआर__', मग स्लॅशपासून सुरू होणारा पुढचा पाथ. सामायिक फाइल सामायिक फाइलला बोलावतानासुद्धा हेच. हा एक नियम पाळलात की तुमच्या पहिल्या दोन्ही अडचणी जातात.

क्रॉनच्या ओळीत आधी 'सीडी' करून मग स्क्रिप्ट चालवा, असाही सल्ला मिळेल. त्याने आजचं काम होतं. पण ज्ञान कोडमधून निघून क्रॉनटॅबमध्ये जातं, आणि पुढे कोणी ती स्क्रिप्ट हाताने चालवली की ती पुन्हा अडते.

लांबपल्ला, इन्क्लूड पाथचा उपाय चुकीचा नाही, पण इथे तो एकटा पुरणार नाही. एक तर पावतीघरांच्या सगळ्या ओळी टिंबांनी सुरू होतात, तिथे हे सेटिंग लागूच होत नाही. दुसरं म्हणजे डेबियनवर कमांड लाइनची पीएचपी.आयएनआय वेगळी आणि अपाचेची वेगळी. 'ईटीसी'मधल्या पीएचपी फोल्डरमध्ये आवृत्तीचं फोल्डर, आणि त्याच्या आत 'सीएलआय' आणि 'अपाचे२' अशी दोन घरं (एफपीएम, म्हणजे पीएचपी अपाचेबाहेर स्वतंत्रपणे चालवायची पद्धत, वापरत असाल तर 'एफपीएम' हे तिसरं). एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्याला कळत नाही. अपाचेचं सेटिंग बदललं तर ब्राउझर खूश होईल आणि क्रॉन तिथेच राहील. कमांड लाइनवर 'पीएचपी --आयएनआय' दिलं की कुठली फाइल वाचली गेली ते दिसतं, हे एकदा करून बघाच.

आता फोल्डरच्या जागेबद्दल. इथे मी ठामपणे बोलणार आहे, कारण यात लोकांची माहिती उघडी पडते.

आत्ताच ब्राउझर उघडा आणि तुमच्या साइटच्या पत्त्यापुढे स्लॅश कॉमन स्लॅश कनेक्ट.इंक टाका. डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड, सगळं साध्या मजकुरात समोर येईल. अपाचे फक्त ठरवून दिलेल्या एक्स्टेंशनच्या फाइली पीएचपीकडे पाठवतो. 'इंक' त्यात नाही. जी फाइल पीएचपीकडे जात नाही ती तो जशीच्या तशी वाचणाऱ्याच्या हातात ठेवतो.

'इंक'चं नाव बदलून पीएचपी केलं की झालं, असं वाटेल. तेवढ्याने भागत नाही. एडिटर कधी कधी शेजारी एक जुनी प्रत ठेवतात, नावापुढे लाटेसारखं चिन्ह लावून. कोणी घाईत 'कनेक्ट.पीएचपी.बॅक' करून ठेवतं. या दोन्ही अपाचेच्या लेखी साध्या मजकुराच्या फाइली. आणि सिस्टिम अपग्रेड करताना पीएचपीचं मॉड्यूल लोड व्हायचं राहिलं, तर तेवढा वेळ तुमची प्रत्येक पीएचपी फाइल मजकूर म्हणून बाहेर जाते.

म्हणून सामायिक कोड आणि पासवर्ड वेबरूटच्या बाहेर ठेवा. तिथे पोहोचणारा पत्ताच नसला की एक्स्टेंशन काय आहे याने फरक पडत नाही. पीएचपीला मात्र ते वाचता येतं, कारण 'रिक्वायर' (इन्क्लूडसारखीच फाइल बोलावणारी आज्ञा) करताना ते अपाचेमार्फत जात नाही, थेट डिस्कवरून वाचतं. अपाचेमध्ये 'रिक्वायर ऑल डिनाइड' लिहिलेल्या फोल्डरमधूनही पीएचपी फाइल उचलू शकतं, ती बंदी बाहेरून येणाऱ्या विनंतीपुरती असते. फक्त 'ओपन बेसडिर' हे, पीएचपीला ठराविक फोल्डरपुरतं बांधणारं, सेटिंग कोणी लावून ठेवलं असेल तर त्यात नव्या फोल्डरचं नाव वाढवावं लागेल.

मी असं मांडते: 'एसआरव्ही'च्या खाली 'संस्था' नावाचं एक फोल्डर. त्यात नोंदणी, पावत्या, अहवाल आणि सामायिक अशी चार. पहिल्या तिघांत प्रत्येकी एक 'पब्लिक' फोल्डर, आणि अपाचेच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये डॉक्युमेंट रूट म्हणून फक्त तेवढंच दाखवायचं. पानं, चित्रं, स्टाइलशीट त्यात. रात्रीच्या अहवालाची स्क्रिप्ट ब्राउझरमधून उघडायची गरजच नसेल तर तीही पब्लिकच्या बाहेर, अहवालातल्या 'कामं' अशा फोल्डरमध्ये. डेबियनचा अपाचे मुळात वेबच्या नेहमीच्या फोल्डरपलीकडे जवळजवळ सगळीकडे दार बंद ठेवतो, त्यामुळे नव्या पब्लिक फोल्डरसाठी 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' लिहावं लागेल. लिहून झालं की आधी 'अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट', मग रीलोड.

सामायिकच्या आत एक 'सुरुवात.पीएचपी' ठेवा. प्रत्येक पान फक्त तिलाच बोलावेल आणि बाकी कोणाला बोलवायचं ते ती बघेल. बोलावताना 'इन्क्लूड' नको, 'रिक्वायर वन्स' वापरा. इन्क्लूडला फाइल मिळाली नाही तर पीएचपी नुसती ताकीद देऊन पुढे चालू लागतं, आणि डेटाबेसची जोडणी नसताना पुढे चालून काय करणार? 'वन्स' यासाठी की तीच फाइल दोन वाटांनी आली तर 'कॅनॉट रीडिक्लेअर' म्हणून सगळं थांबतं.

या सामायिक फाइलींमध्ये शेवटचं पीएचपी बंद करणारं चिन्ह लिहूच नका. त्याच्यापुढे एखादी रिकामी ओळ राहून गेली की ती प्रत्येक पानाच्या आधी बाहेर पडते, आणि मग लॉगिननंतर दुसऱ्या पानावर पाठवताना 'हेडर्स ऑलरेडी सेंट' येतं. तो मेसेज भलत्याच फाइलकडे बोट दाखवत नाही, नीट वाचला तर त्यात आउटपुट कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर सुरू झालं तेही लिहिलेलं असतं.

परमिशनचं उद्या सविस्तर लिहिते. तोवर ७७७ देऊ नका, तुमचं मन बरोबर सांगतंय.

पावतीघर

ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून पाहिला. पासवर्ड खरंच दिसला. फोल्डर ताबडतोब बाहेर हलवलं आणि पासवर्ड बदलला.

__डीआयआर__ लावल्यावर क्रॉन चालू झाला, छपाईची पानंही. पण आता वेगळंच. 'एसआरव्ही'मध्ये मला लिहिता येत नव्हतं म्हणून सामायिक फोल्डर तात्पुरतं माझ्या होममध्ये ठेवलं आहे. क्रॉन माझ्याच नावाने चालतो, त्याला सगळं मिळतं. ब्राउझरमधून मात्र 'परमिशन डिनाइड'. फाइलींची परमिशन ६४४ आहे, म्हणजे सगळ्यांना वाचता यायला हवी ना?

ओळक्रमांक

इथे पायथनवाले कोणी वाचत असतील तर एक भर. पायथनमध्ये स्क्रिप्ट थेट चालवली की तिचं स्वतःचं फोल्डर शोधयादीत सगळ्यात आधी येतं, त्यामुळे शेजारची फाइल क्रॉनमधूनही सापडते. गोंधळ होतो तो सेटिंगची किंवा डेटाची फाइल सापेक्ष पाथने उघडताना, तिथे पीएचपीसारखंच सध्याचं फोल्डर धरलं जातं. आणि जुन्या सीजीआय स्क्रिप्ट असतील तर लक्षात असू द्या, 'सीजीआय' हे मॉड्यूल २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ मधून काढून टाकलं आहे. नवं काम त्यावर उभं करू नका.

सर्व्हरखोली

पावतीघर, फाइल ६४४ असून भागत नाही. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर 'एक्स' लागतो, म्हणजे आत शिरण्याची परवानगी. तुमचं होम इतरांसाठी बंद असणार. उबुंटूनेही २१.०४ पासून नव्या युजरचं होम ७५० केलं आहे, आणि ते योग्यच आहे. अपाचे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या युजरच्या नावाने चालतो, तो तुमच्या दारातच अडतो.

'नेमआय -एल' आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ, ही कमांड द्या. ती मुळापासून फाइलपर्यंतची प्रत्येक पायरी एकेका ओळीत दाखवते: परमिशन, मालक, ग्रुप. कुठल्या पायरीवर इतरांसाठीचा 'एक्स' नाही ते लगेच डोळ्यात भरतं. मला यापेक्षा उपयोगी कमांड या कामासाठी माहीत नाही, आणि ती फार कमी लोक वापरतात याचं वाईट वाटतं.

होम उघडं करू नका, फोल्डर 'एसआरव्ही'मध्येच न्या. रूटच्या अधिकाराने एकदाच 'संस्था' फोल्डर तयार करायचं आणि तुमच्या दोघांच्या ताब्यात द्यायचं. ते असं.

'कोडकरी' नावाचा एक ग्रुप करा. तुम्ही आणि तुमची सहकारी, दोघंच त्यात. अपाचेचा युजर त्यात घालायचा नाही, हे महत्त्वाचं आहे. ग्रुपमध्ये आल्यावर एकदा लॉगआउट होऊन परत या, नाहीतर नवा ग्रुप लागू झालेला नसतो. 'आयडी' कमांड दिली की दिसतं.

मग संस्था फोल्डरचा ग्रुप आतल्या सगळ्यासकट 'कोडकरी' करा. सगळ्या फोल्डरना २७७५, सगळ्या फाइलींना ६६४. फोल्डर आणि फाइली 'फाइंड'ने वेगवेगळ्या निवडायच्या, कारण पुढचा २ फक्त फोल्डरना हवा. त्याला सेटजीआयडी म्हणतात. तो असला की त्या फोल्डरमध्ये जन्मणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप 'कोडकरी' ग्रुपची होते. तो नसेल तर ती तयार करणाऱ्याच्या स्वतःच्या ग्रुपची होते, आणि तुमची मूळ तक्रार हीच आहे.

यानंतरही अडायला दोन जागा उरतात. एक उमास्क, म्हणजे नव्या फाइलीतून कुठल्या परमिशन वगळायच्या ते ठरवणारा आकडा. तो ०२२ असेल तर नवी फाइल ६४४ होते, ग्रुप बरोबर असूनही ग्रुपला लिहिता येत नाही. दोघांचा उमास्क ००२ हवा. तुमची सहकारी जर स्वतःच्या मशीनवरच्या एडिटरमधून एसएफटीपीने फाइली टाकत असेल तर तिच्या प्रोफाइलमध्ये उमास्क लिहून उपयोग नाही, ते तिथे वाचलंच जात नाही. त्यासाठी एसएसएचच्या सेटिंगमध्ये एसएफटीपीच्या ओळीला '-यू ०००२' जोडावं लागतं. डीफॉल्ट एसीएल (फोल्डरवर लावायची परमिशनची वेगळी यादी) लावून उमास्क बाजूलाच ठेवता येतो, पण दोन माणसांसाठी मी तिथे जाणार नाही.

दुसरी जागा 'एमव्ही'. दुसरीकडे तयार केलेली फाइल कॉपी करून आणली तर तिला नव्या फोल्डरचा ग्रुप मिळतो. तीच हलवून आणली तर ती जुना ग्रुप घेऊनच येते. 'एकच फाइल सेव्ह का होत नाही' याचं उत्तर पुष्कळदा हे असतं.

अपाचेला ग्रुपबाहेर ठेवायचं कारण असं, की त्याने कोड वाचावा, पण त्याला कोडमध्ये लिहिता येऊ नये. वाचायला ६६४ मधला शेवटचा ४ पुरेसा आहे. तुमच्या एखाद्या फॉर्ममध्ये भोक निघालं आणि कोणी त्यातून फाइल घुसवायचा प्रयत्न केला, तर अपाचेला लिहिताच येत नसल्यामुळे तो प्रयत्न तिथेच थांबतो. ७७७ मध्ये हाच अडसर आपण स्वतःच्या हाताने काढून टाकतो. सभासदांचे फोटो किंवा अपलोड घ्यायचे असतील तर त्यासाठी एकच वेगळं फोल्डर त्याला लिहायला द्या, तेही पब्लिकच्या बाहेर.

पासवर्डची फाइल या सगळ्याला अपवाद. तिचा मालक तुम्ही, ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, परमिशन ६४०. म्हणजे अपाचे वाचेल, मशीनवरचे बाकीचे युजर वाचणार नाहीत. रात्रीचा क्रॉन तुमच्या नावाने चालतो, त्यालाही ती मिळेल.

झाल्यावर 'सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' लावून त्याच नावाने 'कॅट'ने एखादी सामायिक फाइल वाचून बघा. मग 'टच'ने सामायिकमध्ये नवी फाइल करून बघा. पहिलं जमलं पाहिजे, दुसरं जमता कामा नये.

शाखाविस्तार

ही मांडणी आवडली, पण २०२० नंतरच्या पीएचपीत हाताने रिक्वायरच्या ओळी का लिहायच्या? कंपोजर, म्हणजे पीएचपीच्या लायब्ररी आणून जोडणारं अवजार, वापरा. सामायिक फोल्डरला पॅकेज करा, तिन्ही ॲप्लिकेशनमध्ये 'पाथ' प्रकारची रिपॉझिटरी म्हणून द्या. कंपोजर शक्य तिथे सिमलिंक (मूळ फोल्डरकडे बोट दाखवणारी जोडणी) करतं, त्यामुळे एका जागी बदल केला की तिन्हीकडे दिसतो. पीएसआर-४ प्रमाणे (क्लासचं नाव आणि फाइलची जागा जुळवायचा संकेत) क्लासची नावं ठेवली की ऑटोलोड आपोआप. आणि हे सगळं गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या अवजारात) हवंच. थेट चालू सर्व्हरवर दोन माणसांनी फाइली बदलणं, हीच मुळात मोठी जोखीम आहे.

सर्व्हरखोली

गिटबद्दल पूर्ण सहमत. किंबहुना परमिशनच्याही आधी ते सांगायला हवं असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. दोघांनी आपापल्या मशीनवर प्रत ठेवावी, तिथे बदल करावा, चालवून बघावं, मग सर्व्हरवर न्यावं. चालवून बघायला अपाचेही लागत नाही. 'पीएचपी -एस' (एस मोठा) आणि पुढे १२७.०.०.१:८०००, शेवटी '-टी'ने पब्लिक फोल्डर. हा आतला सर्व्हर २०१२ च्या ५.४ पासून पीएचपीत आहे. फक्त स्वतःच्या मशीनपुरता, लोकांसमोर मांडायला नव्हे.

कंपोजरबद्दल मात्र मी आज घाई करणार नाही. पावतीघरांकडे सगळी फंक्शनं आहेत, क्लास नाहीत. पीएसआर-४ क्लास शोधतं, सुट्या फंक्शनच्या फाइली 'फाइल्स'खाली नावानिशी द्याव्या लागतात आणि त्या दर विनंतीला सगळ्याच लोड होतात. म्हणजे 'सुरुवात.पीएचपी' जे करते तेच, फक्त एक अवजार वाढवून. आधी तिन्ही प्रतींची एक प्रत होऊ दे, तारीख सगळीकडे सारखी दिसू दे. बाहेरची पहिली लायब्ररी लागेल त्या दिवशी कंपोजर आणा, तेव्हा त्याची खरी गरज असेल.

तेव्हाच्यासाठी दोन गोष्टी आत्ताच ध्यानात ठेवा. सिमलिंकमधून आलेल्या फाइलमध्ये __डीआयआर__ सिमलिंकची नव्हे, खऱ्या फोल्डरची जागा सांगतं. 'मी पावत्यांच्या आत आहे' असं धरून पाथ लिहिला तर तो चुकेल. आणि फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं. विंडोजवर ती चुकली तरी चालून जातं, लिनक्सवर क्लास सापडत नाही.

पावतीघर

ग्रुप आणि २७७५ केलं, एसएफटीपीचा उमास्कही. सहकारीने फाइल केली, मी सेव्ह केली, तिने परत सेव्ह केली. टच नाकारला गेला, जसं हवं होतं तसं.

एक शंका. सामायिकमधल्या तारखेच्या फंक्शनमध्ये बदल केला तर क्रॉनच्या अहवालात लगेच दिसला, ब्राउझरमध्ये मात्र जुनंच दिसत राहिलं. अपाचे रीस्टार्ट केल्यावर आलं. दर वेळी असंच करायचं का? आणि गिटमध्ये टाकताना पासवर्डच्या फाइलचं काय?

सर्व्हरखोली

ते ओपीकॅशमुळे. पीएचपी फाइल एकदा वाचून तिचं तयार रूप मेमरीत ठेवतं. कमांड लाइनवर ते मुळात बंद असतं, म्हणून क्रॉनला ताजं मिळालं. वेबवर मूळ सेटिंग असेल तर दर २ सेकंदांनी फाइलची वेळ तपासली जाते आणि बदल आपोआप येतो. तुमच्याकडे रीस्टार्ट लागला म्हणजे आधीच्या माणसाने 'व्हॅलिडेट टाइमस्टॅम्प्स' बंद केलेलं असण्याची दाट शक्यता आहे. वेगासाठी तसं करतात. एवढ्याशा वर्दळीला ते नको, परत चालू करा.

पासवर्डची फाइल गिटमध्ये जाणार नाही. तिचं नाव 'गिटइग्नोर'मध्ये लिहा, आणि शेजारी तीच रचना असलेली पण किमती रिकाम्या ठेवलेली नमुना फाइल गिटमध्ये ठेवा, म्हणजे नव्या मशीनवर काय भरायचं ते कळेल. इग्नोर पहिल्या कमिटच्या आधी लिहा. एकदा कमिटमध्ये गेलेली फाइल नंतर इग्नोर केली तरी इतिहासात राहते, आणि मग इतिहास खरवडत बसण्याआधी पासवर्डच बदलावा लागतो.

आणि जुन्या प्रती पुसण्याआधी तिन्ही ॲप्लिकेशनमध्ये 'ग्रेप -आरएन' लावून '../कॉमन' शोधा. क्रॉनटॅब दोन्ही बघा, तुमचा आणि रूटचा, शिवाय 'ईटीसी'मधलं 'क्रॉन.डी'. महिन्यातून एकदाच चालणारी एखादी स्क्रिप्ट जुन्या पाथवर राहिली असेल तर ती तिथेच सापडेल.